चांदी मेंढीची तांबडी लडी

“भिऊ नगं, चांदे. पाय पोटाशी घे आन् गुमान पडून ऱ्हा. हललीस तर कातर लागंल.”

मित्रांनो, धोंडुबाई धनगरणीचं हे बोलणं मला अजून ऐकू येतं. ती ते चांदी नावाच्या मेंढीला सांगत होती. पण थरथरत मीही होते, कारण तेव्हा मी चांदीच्या अंगावरची लोकर होते. आज मी सुताची एक लडी आहे. जुनी म्हणावी, तर माझ्या रंगाला अजून आठवडाही झालेला नाही. नवी म्हणावी, तर घाटावरचं ऊन आणि कोकणातलं दव दोन्ही मी सोसलेलं आहे. एक गोष्ट आधीच कबूल करते. मी फार भित्री आहे. माझा एकही दिवस भीतीवाचून गेलेला नाही. तरी देवाने इथवर आणलं, म्हणून ही हकिकत सांगायला बसले.

धोंडुबाईचं बिऱ्हाड दर वर्षी दिवाळी झाली की घाट उतरतं. घोड्यावर भांडीकुंडी, मागे दीडशे मेंढरं. भातकापणी झालेल्या शेतांत रात्री मेंढरं बसवायची, म्हणजे शेताला लेंड्यांचं खत मिळतं. पेणच्या बाजूने सुरुवात करून रोह्यापर्यंत सरकत जायचं आणि पावसाच्या आधी पुन्हा घाट चढायचा. त्या दीडशे मेंढरांत एकटी चांदी पांढरी. ती जन्मली त्याच दिवशी तिची आई गेली, म्हणून धोंडुबाईने तिला बाटलीने दूध पाजून वाढवलं. चांदी कळपाच्या मागे कधी चालली नाही. ती धोंडुबाईच्या लुगड्याच्या मागे चालायची.

कातर चालू झाली तेव्हा मी डोळे मिटले असते, पण लोकरीला कुठले डोळे! कच्, कच् करत एकेक पट्टा सुटत गेला. चांदीच्या अंगाची ऊब संपली आणि मी गार ढेकळांवर येऊन पडले. शेजारी काळ्या लोकरीचा मोठा ढीग होता. धोंडुबाईचा मुलगा महिपती याने तो पायाने बांधापलीकडच्या ओहोळात लोटून दिला.

“घेतंय कोन आता?” तो म्हणाला. “कुत्रं बी बसंना तिच्यावर.”

मग त्याचा पाय माझ्याकडे वळला.

“त्याला पाय लावू नगंस!” धोंडुबाई ओरडली. “मालूच्या घोंगडीचा काठ हाय त्यो.”

मालू म्हणजे महिपतीची लेक. ती घाटावर मामाकडे असते आणि तिचं लग्न वैशाखात ठरलेलं आहे. धोंडुबाईच्या घरात नवरीला हळदीसाठी नव्या घोंगडीवर बसवतात. घोंगडी काळी, तिच्यापुरती काळी लोकर धोंडुबाईने आधीच राखून ठेवली होती, आणि तिचा काठ तांबडा. काळ्या लोकरीवर कुठलाच रंग चढत नाही. तांबडा काठ हवा, तर लोकर पांढरीच हवी. म्हणजे माझं काही बिघडलं, तर माझ्या जागी उभी राहायला दुसरी कुणी नव्हती. हे कळलं आणि माझ्या जिवाला घोर लागला.

धोंडुबाईने आधी माझ्यातले काटे आणि गवताचे तुरे वेचले. मग प्लास्टिकच्या टबात रिठ्याचं कोमट पाणी केलं आणि मला त्यात दाबलं. वाटलं, संपलं आता. पण तीनदा पाणी बदलल्यावर मी अशी पांढरी निघाले की माझं मलाच खरं वाटेना. वाळल्यावर तिने मला बोटांनी पिंजलं. ओढून ओढून इतकं विरळ केलं की जरा वारा सुटला तरी मी तिच्या मांडीला घट्ट चिकटायची.

त्यानंतर टकळी आली. टकळी म्हणजे लाकडाची एक काडी, तिच्या खालच्या टोकाला चकती. मेंढरांमागे चालता चालताच धोंडुबाई तिला मांडीवर घासून गिरकी द्यायची आणि टकळी हवेत लोंबत गरगरायची. माझा एकेक पुंजका तिच्या चिमटीतून निसटायचा, पिळला जायचा आणि धागा होऊन काडीवर बसायचा. पीळ बसतो म्हणूनच धागा तुटत नाही, हे शहाणपण मला मागाहून सुचलं. त्या वेळी नुसती चक्कर आली.

एका पहाटे कळप वडखळजवळ हमरस्ता ओलांडत होता. धोंडुबाई घोड्याला धरून मागून येत होती आणि मी तिच्या कमरेच्या पिशवीत होते. पुढे एकदम मोठा भोंगा वाजला. टायर किंचाळले. माणसं ओरडली. मग मेंढरांच्या खुरांचा आवाज पुन्हा सुरू झाला.

“चांदी कुठं हाय रं?” पलीकडे गेल्यावर धोंडुबाईने विचारलं.

“आसंल की कळपात. पुढं गेली आसंल,” महिपती म्हणाला.

दोन दिवस धोंडुबाई बांधाबांधाने हाका मारत फिरली. “चांदे, ये गं. ये माझे बाय.” पिशवीत मला त्या हाका ऐकवत नव्हत्या. तिसऱ्या दिवशी महिपती तिच्यासमोर येऊन बसला.

“आये, ती टँकरखाली गेली. तुला सांगायची छाती झाली न्हाई.”

धोंडुबाई रडली नाही. ती एवढंच म्हणाली, “मेली, ते देवाच्या हातातलं हुतं. पर दोन दिस मी तिला हाका मारत हुते, आन् तू ऐकत हुतास.”

टकळी चार दिवस बंद राहिली. पाचव्या दिवशी तिने ती पुन्हा उचलली. आता चांदीचं म्हणून जगात मी एवढीच उरले होते. धोंडुबाई सूत काढताना माझ्यावरून बोट फिरवायची, ते बोट आता फार हळू फिरायचं. आणि जितकं ते हळू फिरायचं, तितकी मी जास्त घाबरायची.

सूत पुरं झालं. धोंडुबाईने ते अंगठा आणि कोपराभोवती गुंडाळून माझी लडी केली, तीन जागी सैल गाठी मारल्या आणि मला धरमतरच्या खाडीजवळ इंदुबाईकडे आणलं. इंदुबाईच्या माहेरची माणसं पूर्वी मासेमारीची जाळी ऐनाच्या झाडाच्या सालीत उकळून रंगवत. रंगाचं ज्ञान तिला तिथलं. गेली कित्येक वर्षं धोंडुबाईची मेंढरं इंदुबाईच्या शेतात बसतात, म्हणून दोघींचं एकेरीवरचं नातं.

“इंदे, कुंकवावानी तांबडं पायजे बघ.”

“कुंकवाचा हट्ट धरू नको धोंडे. मंजिष्ठा ती, विटेसारखी तांबडी येईल. ती काय माझी सून हाय, सांगेन तशी वागायला?”

“मी तरी कुठं वागते?” दारातून सून म्हणाली. तिचं नाव नमिता. तिघी हसल्या.

मग धोंडुबाई नमिताकडे वळली. “सूनबाई, तुजी सासू गोड बोलनारी हाय, तिचा मला भरवसा न्हाई. तू सांग. जळलं, बिघडलं, हरपलं, तर मला येऊन तोंडावर सांगशील न्हवं?”

“सांगेन की, आजी.”

“हसून नगं. देवाफुडं सांग.”

नमिताने अंगणातल्या तुळशीला हात लावला आणि सांगितलं. कळप रोह्याच्या वाटेला लागला. रोह्याजवळच्या अष्टमी गावापुढच्या शेतांत तो थोडे दिवस बसणार होता. लग्नामुळे या वर्षी बिऱ्हाड लवकर वर जाणार होतं. त्याआधी मी तिथे पोचायचं, असं ठरलं.

पण आठ दिवसांत इंदुबाई खाडीच्या बांधावर घसरली. पाय प्लास्टरमध्ये गेला. ती खाटेवर पडून सांगणार आणि नमिता करणार, एवढाच मार्ग उरला. नमिताने मला रात्रभर तुरटीच्या पाण्यात ठेवलं. मंजिष्ठेची तांबडा रंग देणारी मुळं कुटून दुसरीकडे भिजत घातली.

“मोठा टोप घे,” इंदुबाई आतून सांगत होती. “पानी उकळू देऊ नको. बोट घातलं की मागं घ्यावंसं वाटेल, येवढंच. आनी ढवळू नको गो, लोकर ढवळली तं गोठून गोळा होते.”

मित्रांनो, नमिता फार नेमाची बाई. आंघोळ करून तुळशीला पाणी घालायचं आणि पोथीचा एक अध्याय वाचायचा, त्याशिवाय ती चहासुद्धा घेत नाही. चैत्रात मासळीला हात लावत नाही. आणि तो मोठा ॲल्युमिनियमचा टोप म्हणजे करंदी उकडायचा टोप. बारीक कोळंबीचा तो वास काही सुखासुखी जात नाही. नमिताने टोप राखेने घासला, चिंचेने घासला, उन्हात ठेवला आणि नाक आत घालून हुंगला. वास होताच.

लोकर सोवळी मानतात. देवपूजेला लोकरीची धाबळी नेसतात. त्यात माझ्यावर तर नवरी बसणार. अशा लोकरीला करंदीच्या टोपात कशी घालायची? माळ्यावर एक लोखंडी कढई होती. हनुमान जयंतीच्या सप्ताहात त्या कढईत प्रसादाचा शिरा होतो, बाकी काही नाही. नमिताने ती खाली उतरवली, स्वच्छ पुसली, तिला हात जोडले आणि चुलीवर ठेवली.

“टोप चढवलास का गो?”

“चढवलंय, आई.”

काय चढवलंय ते ती बोलली नाही.

सुरुवातीला मला फार बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, माझ्या आयुष्यातली तेवढीच एक घटका मी भ्यायले नाही. पाणी चांदीच्या अंगाइतकं ऊबदार होतं आणि मी हळूहळू तांबडी होत होते. नमिता पोथी घेऊन बाहेर तुळशीपाशी बसली. तेवढ्यात मला खालून काहीतरी चढतंय असं वाटलं. कढईच्या तळाला माझा जो भाग टेकला होता, तो आधी तपकिरी झाला, मग वांग्याच्या सालीसारखा. मंजिष्ठेचं लोखंडाशी जमत नाही, हे मला कुठे ठाऊक? काळोख एकेक धागा धरून वर येत होता. ओरडायला मला तोंड नव्हतं. मी मनात एकसारखी म्हणत होते, नमिते, झाकण काढ. नमिते, अध्याय राहू दे, आधी झाकण काढ!

तिने अध्याय पुरा केला, पोथीला नमस्कार केला आणि मग झाकण काढलं. तिच्या हातातून झाकण खाली पडलं.

“काय पडलं गो?”

“काय नाय, आई. झाकण.”

“रंग कसा येतोय?”

“येतोय.”

तिने मला ओलीच प्लास्टिकच्या पिशवीत घातलं आणि तांदळाच्या पिंपामागे लपवलं. दोन दिवस मी तिथे होते. आत हवा नव्हती. माझ्या गाठींना कुबट वास येऊ लागला. मी कुजणार आणि ओहोळातल्या काळ्या लोकरीसारखी कुठेतरी लोटली जाणार, याबद्दल मला शंका उरली नाही. बाहेर नमिता पोथी वाचताना एकाच ओवीवर अडायची आणि पुन्हा तीच ओवी वाचायची. इंदुबाईने विचारलं की ती म्हणायची, “वाळतंय, आई.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रोह्याहून महिपतीचा फोन आला. इंदुबाईनेच घेतला. बोलणं झाल्यावर ती म्हणाली, “परवा उन्हं कलली की निघतायत. लडी वाळली का?”

नमिता पिंपामागे आली. पिशवी उचलली. मला वाटलं, आता ही मला खाडीत टाकणार. पण तिने मला नेऊन इंदुबाईच्या मांडीवर ठेवलं.

“आई, मी कढईत घातली.”

“कंच्या कढईत?”

“सप्ताहाच्या. टोपाला करंदीचा वास येत होता.”

इंदुबाईने मला उलटून पालटून पाहिलं. एक काळा धागा नखाने खरवडून पाहिला. मग म्हणाली, “जल्ला तुजा सोवळा! खाडीकाठी देव बसलाय तो. त्याला करंदीचा वास नवीन हाय व्हय?”

नमिता खाली मान घालून रडू लागली.

“रंगाचं बघू गो,” इंदुबाईचा आवाज खाली आला. “पन दोन दिवस मला वाळतंय, वाळतंय सांगत व्हतीस, ते कशानं धुवायचं?”

“पेणच्या बाजारात लाल लोकर मिळते,” नमिता अगदी हळू म्हणाली. “तीच दिली तर? कोणाला कळणार नाय.”

“धोंडीच्या बोटांना कळंल. डोळे गेले तरी कळंल.” इंदुबाईने पिशवी बाजूला सारली. “रड नंतर. आधी बिंबलं काढ.”

परसात बिंबलाचं झाड आहे. त्याची हिरवी, पाणीदार फळं खोडालाच झुपक्यांनी लटकतात आणि इतकी आंबट असतात की कपड्यावरचा लोखंडाचा डागसुद्धा त्यांच्या रसाने निघतो. नमिताने टोपलीभर बिंबलं ठेचली, रस कोमट केला आणि मला त्यात सोडलं. मित्रांनो, ती आग मी कशी सांगू! प्रत्येक धाग्याला जणू मुंग्या डसत होत्या. पण काळोख सुटू लागला. पाणी शाईसारखं झालं. ते ओतलं, पुन्हा रस, पुन्हा पाणी, मग परत तुरटी. उरलेली मंजिष्ठा दुसऱ्या दिवशी पुन्हा तापवली. या वेळी मुकाट्याने करंदीच्या टोपात. नमिता जागची हलली नाही. पोथी तिने पहाटेच वाचून घेतली होती.

मी तांबडी झाले. विटेसारखी, इंदुबाई म्हणाली होती तशी. पण पुरती नाही. जिथे जिथे मी कढईच्या तळाला टेकले होते, तिथे हात-हातभर अंतरावर काळपट डाग राहिले. ते आता निघायचे नाहीत. घोंगडीच्या काठात ते दिसणार. मालूच्या हळदीला जमलेल्या बायका ते बघणार. आणि हो, मला करंदीचा थोडा वासही येतो. देव अजून तरी काही बोललेला नाही.

तुम्हांला मी काय सांगू? माझ्या काळ्या बहिणी अजून त्या ओहोळात कुजत पडल्या असतील. लोकर टाकू नका, एवढं तर सांगतेच. ऊब देणारी वस्तू कुणी चिखलात लोटू नये. पण त्याहून मोठी एक विनंती आहे. हातून काही बिघडलं तर ते ओलं असतानाच उजेडात आणा. पिंपामागच्या पिशवीत काय होतं, ते मी भोगलेलं आहे.

आज सकाळी नमिताचा नवरा निकेश कंपनीतून शिफ्ट संपवून आला. त्याने मला खुंटीवर पाहिलं.

“दे इकडं. बाइकवरून टाकून येतो रोह्याला,” तो म्हणाला. “आईनं दिलीय म्हनून सांगतो. कशाला वाढवतेस?”

“नको. मी जाते.”

“म्हातारी शिव्या घालंल. धनगराची बाय ती, अख्खं शेत ऐकंल.”

“घालू दे.”

“घाटावरनं नवरीलाच बोलवतील डाग दाखवायला!” तो हसला. नमिता हसली नाही, तेव्हा त्याने तिला बस किती वाजता आहे ते सांगितलं.

इंदुबाईने खाटेवरून मला एकदा हातात घेतलं, गाठी सैल केल्या आणि डागांची बाजू वर करून परत दिली. “झाकून नेऊ नको,” एवढंच म्हणाली.

नमिताने तुळशीला पाणी घातलं, अध्याय वाचला, चहा मात्र घेतला नाही. मला कापडी पिशवीत ठेवलं आणि पिशवीचं तोंड उघडंच राहू दिलं. आता ती रस्त्याच्या कडेला उभी आहे. तिचा हात माझ्यावर आहे. मला धीर नाही. त्या हळू फिरणाऱ्या बोटाला पहिला डाग लागेल तेव्हा धोंडुबाई काय म्हणेल, ती मला घेईल की ढेकळांवर टाकून देईल, हे मला माहीत नाही. नमितालाही माहीत नाही. ती ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणते आहे. मला वाटलं नामस्मरण असेल. कान देऊन ऐकलं तर ती म्हणत होती, “आजी, मी कढईत घातली. आजी, मी दोन दिवस लपवली.” पुन्हा पुन्हा तेच, पाठ केल्यासारखं.

वळणावर एसटी दिसली. पाटीवर रोहा होतं. नमिताने पदर खांद्यावरून घट्ट ओढून घेतला आणि हात दाखवला.